टाकून न दिलेला ‘र’

माझी नात वर्षभर एडिंबराला शिकायला होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि फोन ठेवला की पाठोपाठ काहीतरी बघायला पाठवायची. कधी किल्ला, कधी पाऊस, कधी तिच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारी धुराडी. एकदा तिने फुटबॉलच्या मैदानातली एक चित्रफीत पाठवली आणि खाली लिहिलं, "आजी, हे आवाज बंद न करता बघ."

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण ते बघितलं आणि मी पुन्हा लावलं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेला एक अख्खा स्टँड. म्हातारे, पोरं, बायका, सगळे हात वर करून एक संथ गाणं म्हणताहेत. ओरडत नाहीत, म्हणताहेत. काहींचे चेहरे रडून सुजलेले. जिंकलेली माणसं असं गाणं का म्हणतील, असा मला प्रश्न पडला. आपल्याकडे जिंकल्यावर ढोल वाजतो, हे तर एखाद्या भजनाच्या शेवटच्या कडव्यासारखं चाललं होतं.

त्या गाण्याचा माग काढत काढत मी क्रेग आणि चार्ली रीड या दोन जुळ्या भावांपर्यंत पोचले. त्यांच्या जोडीचं नाव ‘द प्रोक्लेमर्स’. पुढचे कित्येक महिने सकाळचा चहा झाला की मी त्यांचीच गाणी ऐकत होते. घरातल्यांनी आधी हसून घेतलं, मग सवय करून घेतली. आज त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं आहे. खरं तर त्यांच्याबद्दल लिहिता लिहिता मला माझ्याबद्दलचं एक काही सांगायचं आहे, पण ते ओघात येईल.

हे दोघे 5 मार्च 1962 रोजी लीथमध्ये जन्मले. लीथ म्हणजे एडिंबराचं बंदर. एकेकाळी ते वेगळं गाव होतं. 1920 साली लोकांनी मतदानात ‘नको’ म्हटलेलं असताना ते एडिंबरात विलीन केलं गेलं. त्या गावाच्या बोधचिन्हावर एकच शब्द आहे, ‘पर्सिव्हिअर’. म्हणजे नेटाने चालत राहा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. भावांचं बालपण एडिंबरा, काही काळ इंग्लंडच्या टोकाचं कॉर्नवॉल आणि मग फाइफ परगण्यातलं ऑख्टरमख्टी नावाचं छोटं गाव अशा ठिकाणी गेलं. या गावाचं नाव इंग्रज माणसाला धड उच्चारता येत नाही. त्यातला घशातला ‘ख’ त्यांच्याकडे नाहीच. देवनागरीत मात्र जवळपास लिहिता येतो, याचा मला उगीचच आनंद झाला.

शाळेत असताना दोघे पंक बँडमध्ये वाजवत. 1983 मध्ये त्यांनी स्वतःची जोडी काढली. क्रेग मुख्य गाणारा, चार्ली गिटार वाजवतो आणि वरचा सूर धरतो. दोघेही जाड चष्मेवाले, साध्या शर्टातले, केस कापून बसलेले. आमच्या वेळच्या तालुक्याच्या बँकेतल्या कारकुनांसारखे दिसतात. रॉक म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं काहीही त्यांच्यात नाही.

त्यांची एक टेप कोणीतरी हल शहरातल्या ‘हाऊसमार्टिन्स’ या तेव्हाच्या गाजत्या बँडपर्यंत पोचवली. त्या मंडळींनी 1986 मध्ये या दोघांना आपल्या दौऱ्यावर बरोबर घेतलं. 1987 च्या सुरुवातीला ‘द ट्यूब’ या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात ते दिसले आणि त्याच वर्षी पहिला अल्बम आला, ‘धिस इज द स्टोरी’. दोन आवाज आणि एक गिटार, जवळजवळ तेवढंच.

त्या अल्बमचं पहिलंच गाणं आहे ‘थ्रो द आर अवे’. म्हणजे ‘र’ फेकून द्या. यावर थोडं थांबू या, कारण मी इथेच अडकले.

इंग्लंडच्या दक्षिणेतली, लंडनकडची माणसं बोलताना स्वरानंतरचा ‘र’ गिळतात. ‘कार’चं ‘काऽ’ होतं, ‘फादर’चं ‘फादऽ’. प्रतिष्ठित, सुशिक्षित इंग्रजी म्हणजे हेच, असं शंभर-दीडशे वर्षं मानलं गेलं. स्कॉटलंडमधला माणूस मात्र प्रत्येक ‘र’ म्हणतो, आणि चांगला ठणठणीत म्हणतो. (आपणही म्हणतो. आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला ‘फादर’ मधला ‘र’ असा काही वाजायचा की विचारू नका. त्या हिशोबाने आपण आणि स्कॉटिश एकाच पंगतीला बसलेले.) तर या दोन पोरांना सांगण्यात येत होतं की असं गाऊन चालणार नाही. त्या काळात गाणारा ग्लासगोचा असो की लिव्हरपूलचा, गाताना बहुतेक जण अमेरिकन वळणाचं इंग्रजी तोंडात घ्यायचे. बोलायचं एका बोलीत आणि गायचं दुसऱ्या, ही रीतच होती. या भावांनी उत्तर म्हणून हे गाणं लिहिलं. वरवर म्हणतात, बरं बाबा, तुम्ही म्हणता तर टाकतो. आणि म्हणताना प्रत्येक ‘र’ दगडासारखा आपटतात.

गंमतीचं गाणं आहे. पण मला हसू आलं नाही.

1987 साली हे दोघे तिकडे ‘र’ आपटत होते, तेव्हा मी इकडे सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवत होते. आमच्या वर्गात एक मुलगा होता. शेतमजुराचा मुलगा, मळ्यातून तीन-चार किलोमीटर चालत यायचा. अक्षर मोत्यासारखं. कविता एकदा ऐकली की पाठ. पाठांतराच्या स्पर्धेसाठी मी त्याला निवडलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणायला उभं केलं. तो म्हणू लागला, आणि कवितेत ‘पाणी’ आलं. तो म्हणाला ‘पानी’.

मी थांबवलं. "पाणी."

तो म्हणाला, "पानी."

मी त्याला दहा वेळा म्हणायला लावलं. मला अजून आकडा आठवतो, कारण मी बोटांवर मोजत होते. चौथ्या-पाचव्या वेळी वर्ग हसायला लागला आणि मी वर्गाला गप्प केलं नाही. खोटं कशाला सांगू, मीही थोडी हसले. दहाव्या वेळी त्याने नीट ‘पाणी’ म्हटलं. मी शाबासकी दिली. आपण काहीतरी मोठं काम केलं असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

स्पर्धेला तो आलाच नाही. पुढे दहावी होईपर्यंत त्याने वर्गात कधी हात वर केला नाही. लेखी परीक्षेत मात्र मराठीत पहिला.

तिकडे ‘र’ टाकायला सांगत होते, इकडे मी ‘ण’ चिकटवायला लावत होते. काम एकच.

असो. भावांकडे परत येते.

त्या पहिल्या अल्बममधलं ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ हे गाणं पूर्ण बँडच्या साथीने पुन्हा ध्वनिमुद्रित केलं गेलं. गेरी रॅफर्टी या स्कॉटिश गायकाने त्याच्या निर्मितीत हात घातला आणि 1987 च्या अखेरीस ते ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. हे गाणं मी तुम्हा सगळ्यांना, विशेषतः परदेशी असलेल्या आपल्या पोरांना ऐकायला सांगीन. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जमीनमालकांनी कुळांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनींवरून काढलं. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त उत्पन्न देतात, हा हिशोब. माणसं जहाजांत बसून कॅनडाला, अमेरिकेला गेली. गाण्यात त्या रिकाम्या झालेल्या मुलखांची नावं येतात, सदरलँड, लुइस, स्काय. आणि मग त्याच चालीत, त्याच जागी, दुसरी नावं येतात: बाथगेट, लिनवुड, मेथिल, अर्विन. ही उद्योगांची गावं. लिनवुडचा मोटारींचा कारखाना 1981 मध्ये बंद पडला, बाथगेटचा ट्रकचा 1986 मध्ये. म्हणजे गाणं आलं तेव्हा बाथगेटची जखम वर्षभराचीच होती.

इतिहासाच्या शिक्षकाला दोन तास लागले असते ते या दोघांनी गावांची यादी बदलून सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वी मेंढ्यांसाठी माणसं हलवली, आता आणखी कशासाठी. मागे राहिलेला माणूस मात्र तोच, पत्राची वाट बघणारा.

माझ्यासारख्या आजीला हे गाणं लागणारच. पण एक सांगते, उगीच गळा काढू नये. आपली मुलं शिकून, व्हिसा घेऊन, विमानात बसून गेली. त्यांना कोणी घर जाळून हाकललं नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो विसरून चालणार नाही. पण लिनवुडच्या ओळीपाशी मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. 1982 च्या संपानंतर आमच्या भागातली किती माणसं ट्रंक घेऊन गावाकडे परतली, ती मी पाहिली आहेत. त्यांचं गाणं इतक्या मोठ्या आवाजात मी रेडिओवर कधी ऐकलं नाही.

1988 मध्ये दुसरा अल्बम आला, ‘सनशाइन ऑन लीथ’. जगाला ठाऊक असलेलं त्यांचं गाणं यातलंच, पाचशे मैल चालत येण्याचं. नाव ‘आय अ‍ॅम गॉना बी’, पण सगळे ‘फाइव्ह हंड्रेड माइल्स’ म्हणूनच ओळखतात. एक साधा कामकरी माणूस सांगतो की मी उठेन, बाहेर जाईन, दमेन, कमवीन ते तुझ्याकडे आणीन, आणि तुझ्या दारात येऊन पडण्यासाठी पाचशे मैल चालेन, वर आणखी पाचशे. मास्तरकीची खोड जात नाही म्हणून हिशोब केला: हजार मैल म्हणजे सोळाशे किलोमीटर. ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लँड्स एंडपासून जॉन ओ’ग्रोट्सपर्यंतचा रस्ता साधारण पावणेनऊशे मैलांचा. म्हणजे हा गडी अख्खा देश ओलांडून समुद्रात जाईल.

ब्रिटनमध्ये ते तेव्हा अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पहिलं आलं. अमेरिकेत मात्र पाच वर्षं कुणी विचारलं नाही. 1993 मध्ये ‘बेनी अँड जून’ या चित्रपटात ते वापरलं आणि तिथल्या यादीत एकदम तिसऱ्या क्रमांकावर गेलं. 2007 मध्ये ‘कॉमिक रिलीफ’ या धर्मादाय उपक्रमासाठी दोन विनोदी नटांबरोबर या भावांनी ते पुन्हा गायलं आणि ब्रिटनमध्ये ते अखेर पहिल्या क्रमांकावर आलं, लिहिल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

या गाण्यात ‘हेवर’ असा एक शब्द आहे. स्कॉट्स बोलीतला. अर्थ ‘काहीबाही बडबडणं’, आपल्या भाषेत ‘बरळणं’. लंडनच्या माणसालाही हा शब्द विचारावा लागतो, मग टेक्सासच्या माणसाचं काय! पण त्यांनी तो काढला नाही, त्याच्या जागी सोपा शब्द घातला नाही, खाली तळटीपही दिली नाही. आणि अमेरिकेतली पोरं तो शब्द अर्थ न कळता ओरडून म्हणू लागली. मी छत्तीस वर्षं वर्गाला सांगत आले की बोलीतलं लिहिलं तर बाहेरच्याला कळणार नाही. तो ‘हेवर’ माझ्या तोंडावर येऊन बसला.

आता माझं मत सांगते. एवढं सगळं त्यासाठीच.

लोक या जोडीला ‘एका गाण्याचे धनी’ म्हणतात. मला हे चुकीचं वाटतं. यशाच्या यादीत पाहिलं तर तसं दिसेल कदाचित. पण त्यांची चाळीस वर्षं बघा. 1994 च्या ‘हिट द हायवे’नंतर सात वर्षं नवा अल्बम नाही. दुसरं कोणी असतं तर संपलं असतं. 2001 मध्ये ते परत आले आणि अल्बमला नाव दिलं, ‘पर्सिव्हिअर’. लीथचं बोधवाक्य! त्यानंतर 2003, 2005, 2007, 2009, 2012, 2015, 2018, 2022, अशी दर दोन-चार वर्षांनी बिनबोभाट पेरणी. त्यातलं कोणतंच पाचशे मैलांइतकं गाजलं नाही आणि त्यांनी त्यासाठी उच्चार, चष्मा किंवा मतं बदलली नाहीत. स्कॉटलंड स्वतंत्र व्हावं असं ते 1988 पासून गाण्यात सांगत आहेत. 2014 च्या सार्वमतात त्यांची बाजू 45 विरुद्ध 55 अशी हरली. तरी मत तेच. राजेशाही त्यांना मान्य नाही. 2023 मध्ये राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी सरकारी खात्याने गाण्यांची यादी काढली, त्यात पाचशे मैल होतं. कोणीतरी त्यांची मतं दाखवून दिली आणि गाणं यादीतून वगळलं. मला वाटतं, त्या यादीत राहण्यापेक्षा वगळलं जाणं त्यांना जास्त शोभलं.

या सगळ्यात मला कळलेली गोष्ट ‘आपली बोली सोडू नका, यश मिळेल’ ही नाही. तसं म्हणणं फसवं आहे. दोन माणसांच्या यशावरून नियम काढता येत नाही. हाऊसमार्टिन्सनी बोलावलं नसतं, चित्रपटवाल्यांनी उचललं नसतं, तर हे दोघे त्याच ‘र’सकट ऑख्टरमख्टीत राहिले असते. आणि ज्यांनी ‘र’ टाकला आणि नोकरी मिळवली, घर चालवलं, त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. मुलाखतीला गेलेल्या मुलाला ‘पानी’ म्हटल्यावर काय होतं हे मी बघितलेलं आहे. प्रमाण भाषा शिकवावी लागते. लेखनात तर हवीच. अर्ज, पुस्तक, वर्तमानपत्र सगळ्यांना वाचता यावं यासाठी एक समान रूप लागतं, आणि ते गरिबाच्या मुलाला शाळेत नाही मिळालं तर कुठेच मिळत नाही. याबाबतीत माझं मत आजही बदललेलं नाही.

मला कळलं ते वेगळंच. या दोघांनी ‘र’ का टिकवला याचा विचार करताना माझ्या लक्षात आलं की ते दोघे होते.

साधी गोष्ट आहे. क्रेगला कोणी सांगितलं की तुझा उच्चार गावठी आहे, तर त्याच्या शेजारी त्याच चेहऱ्याचा, त्याच आवाजाचा दुसरा उभा होता, जो तसाच ‘र’ म्हणत होता. टिंगल झाली तर दोघांची. दौऱ्यावरून हॉटेलच्या खोलीत परतल्यावर बोलायला घरची भाषा हजर. माणूस आपली बोली लाजेने सोडतो ती एकटा असताना सोडतो. दुसरा एक जरी तसं बोलणारा बरोबर असला तरी ती लाज निम्मी होते. त्या गाण्यांतही हे ऐकू येतं. एकाने शब्द टाकला की दुसरा तो लगेच उचलतो, जणू खात्री देतो की हो, असंच म्हणायचं असतं.

माझा तो मुलगा वर्गात एकटा होता. खरं तर एकटा नव्हता. त्या वर्गातली निम्मी मुलं घरी ‘पानी’च म्हणत होती. हसली तीही. मी त्यांना हसू दिलं म्हणून तो एकटा पडला. चूक सांगणं हे माझं काम होतं. पण त्याला एकटं पाडणं हे नव्हतं. मी त्याला म्हणू शकले असते, "घरी पानी, पुस्तकात पाणी, दोन्ही नीट म्हण." एका वाक्याचं काम होतं. माझ्या बी.ए.च्या सगळ्या अभ्यासात भाषाशास्त्राचा एक पेपर होता, त्यात बोलींबद्दल दहा मार्कांचं मी व्यवस्थित लिहिलंही होतं. वर्गात उभी राहिले तेव्हा ते दहा मार्क कुठे गेले कोण जाणे.

काही वर्षांपूर्वी त्या बॅचचा मेळावा झाला. तो आला होता, चांगल्या हुद्द्यावर आहे. भाषण केलं. इतकं शुद्ध मराठी मी हल्ली आकाशवाणीवरही ऐकत नाही. प्रत्येक ‘ण’ जागच्या जागी. माझा उल्लेख त्याने फार आदराने केला, "बाईंनी मला पाणी म्हणायला शिकवलं" असं म्हणाला. सगळे हसले, टाळ्या झाल्या. मीही हसले, दुसऱ्यांदा.

जेवणं झाल्यावर मी व्हरांड्यात हात धुवायला गेले तर तो कोपऱ्यात फोनवर बोलत होता. आईशी असावा. "आगं व्हय की, जेवलो की म्या, तू पानी तापीव, येतोच" असं काहीसं, हसत, मोकळ्या आवाजात. तसा आवाज मी भाषणात ऐकला नव्हता. त्याने मला पाहिलं. पाठ ताठ झाली, आवाज बदलला, "आई, मी नंतर करतो फोन." आणि माझ्याकडे वळून, "बाई, आपलं जेवण झालं का?"

मला त्याला सांगायचं होतं की अरे, बोल ना. जमलं नाही. "झालं हो," म्हणाले आणि निघून आले. पन्नाशीच्या माणसाला मी अजूनही वर्गात उभं केलेलं आहे असं तेव्हा वाटलं.

आता त्या पहिल्या चित्रफितीबद्दल. ते गाणं ‘सनशाइन ऑन लीथ’, त्या अल्बमचं शीर्षकगीत. मन मोडलेल्या माणसाने, ते सांधणाऱ्याचे मानलेले आभार. 1988 मध्ये ते ब्रिटनच्या यादीत 41 व्या क्रमांकावर थांबलं. पहिल्या चाळिसात सुद्धा नाही. पण लीथच्या हिबर्नियन या फुटबॉल संघाच्या लोकांनी ते आपलं मानलं. हे भाऊही त्याच संघाचे. या संघाने स्कॉटिश चषक 1902 मध्ये जिंकला होता. त्यानंतर दहा वेळा अंतिम सामना खेळले आणि दहाही वेळा हरले. 21 मे 2016 ला ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर सामना संपता संपता तिसरा गोल झाला, 3–2, आणि 114 वर्षांनी चषक मिळाला. आनंदाच्या भरात लोक मैदानात घुसले, बराच गोंधळ झाला, मैदान रिकामं करावं लागलं. आणि मग, चषक हाती आल्यावर, हजारो लोकांनी ते गाणं म्हटलं. नातीने मला पाठवलं होतं ते हेच.

आता मला कळतं की जिंकलेली माणसं रडत का होती. ज्यांचे बाप, आजे हा दिवस न बघता गेले त्यांच्यासाठीही ते म्हणत असणार. आणि म्हणताना सगळे आपल्या बोलीत म्हणत होते. 1987 मध्ये ‘र’ म्हणणारे दोघे होते. त्या दिवशी अख्खा स्टँड म्हणत होता. यादीतला 41 वा क्रमांक त्या स्टँडमध्ये कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

त्यांच्या 2022 च्या अल्बमचं नाव आहे ‘डेंचर्स आउट’. म्हणजे कवळी काढून ठेवलेली! हे नाव वाचून मी मोठ्यांदा हसले, कारण माझी वाटीत पाण्यात होती. तो अल्बम गतकाळात रमण्याबद्दल आहे, आणि रमणाऱ्यांना त्यात चांगलंच फटकारलं आहे. साठीला पोचलेले हे भाऊ सांगतात की जुनं ते सोनं म्हणत बसू नका. आपली बोली जपणारी माणसंच हे सांगतात याचं मला आधी नवल वाटलं, नंतर वाटेनासं झालं. बोली ही त्यांच्यासाठी जुनी वस्तू नाहीच. काचेच्या कपाटात ठेवायची नाही, रोज वापरायची आहे. आपल्याकडे बोलीचं संमेलन भरतं, फेटे बांधले जातात, कौतुक होतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलाला पुन्हा दहा वेळा ‘पाणी’ म्हणायला लावतात. कौतुक नको आहे हो तिला. उभं राहायला जागा आणि शेजारी कोणीतरी हवं आहे.

आपल्या कुटुंबातल्या आणि इथे नेहमी वाचणाऱ्या तरुण शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे. शुद्धलेखन जरूर तपासा, मार्क कापा, लाल शाई वापरा. पण मूल तोंडाने काही म्हणत असेल तर आधी शेवटपर्यंत ऐका. वर्ग हसला तर वर्गाला थांबवा. आणि जमलं तर, तुम्हीही घरी कसं बोलता ते एकदा त्यांना ऐकवा. मी मूळची कोकणातली. आमच्या घरात हेल काढून बोलायचे, आणि छत्तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने तो हेल ऐकला नाही. तो मी कधी टाकला, कुणी टाकायला लावला, हेही आता आठवत नाही.

तो मुलगा हे वाचतो की नाही माहीत नाही. मेळाव्यातल्या कोणीतरी त्याच्यापर्यंत पोचवलं तर बरं होईल. नंबर माझ्याकडे आहे, पण तीन वेळा लावायला घेतला आणि ठेवून दिला. फोनवर तो "नमस्कार बाई" म्हणेल, शुद्ध, आणि मग मला काय बोलावं सुचणार नाही. उद्या सकाळी चहा झाल्यावर पुन्हा बघते लावून. लागला तर आधी त्याच्या आईची चौकशी करीन.